पाहुण्यांसाठी राखलेली कणसं

शेजाऱ्यांना माझा व्यवसाय कधीच नीट कळला नाही. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत तेव्हा घरटी एक तरी मूल कॉम्प्युटरच्या क्लासला जात होतं, आणि ज्या घरातलं जात नव्हतं ते घर सुतक आल्यासारखं वागत होतं. अशा ठिकाणी मी ज्वारी पैदासकार म्हणून राहत होते. पैदासकार म्हटलं की समोरचा माणूस घाईघाईने विषय बदलायचा. म्हणून मी 'ज्वारीच्या नव्या जाती तयार करते' असं सांगायला लागले. त्यावर खालच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "का हो, जुन्या संपल्या?"

वडिलांनी तर मी कॉलेजात जायच्या आधीच हात टेकले होते. ते नागपूरकडून सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्यात आले होते. धम्मदीक्षेनंतर आमच्या घरात शिकणं हाच कुळाचार झाला होता, त्यामुळे मुलीने शिकू नये असं कुणी म्हणायचा प्रश्नच नव्हता. पण मी कृषी शाखेला जाते म्हटल्यावर त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. मग पान उलटत म्हणाले, "दुसऱ्याच्या शेतातून बाहेर पडायला आपल्याला किती पिढ्या लागल्या, ठाऊक आहे ना? आणि तू फी भरून परत चाललीस."

मी गेले. संशोधन केंद्रात नोकरी लागली. केंद्राचं ऑफिस शहरात होतं आणि प्रयोगाचं शेत वाघोलीच्या पलीकडे. ऑफिसात पंखे होते आणि शेतात काम होतं, त्यामुळे बहुतेक शास्त्रज्ञ ऑफिसात सापडत. अर्थव्यवस्था खुली झाली त्या वर्षांत आमच्याकडे एकेक पद बंद होत गेलं. माणूस निवृत्त झाला की त्याची खुर्ची भिंतीला लावून ठेवायची, अशी पद्धत पडली. शेतावरचे कायमचे मजूरही असेच गेले. आयुष्यभर ज्वारीच्या फुलाशी खेळलेली ती माणसं होती. त्यांच्या जागी कंत्राटदार आला, आणि तो ज्याला पाठवेल तो मजूर.

विद्यार्थ्यांचं तर बोलायलाच नको. एम. एस्सी.ला माझ्याकडे येणारी मुलं दुसऱ्या वर्षी संध्याकाळचा सॉफ्टवेअरचा क्लास लावत आणि तिसऱ्या वर्षी पेढे घेऊन येत. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज मोठमोठ्या कंपन्यांत आहेत, हे मी अभिमानाने सांगते. ज्वारीशी त्यांचा संबंध उरलाय तो भाकरीपुरता, आणि तोही डॉक्टरांनी साखर सांगितल्यापासून.

अशा काळात एके दिवशी साहेबांनी, म्हणजे केंद्राच्या संचालकांनी, आम्हाला बोलावून आनंदाची बातमी दिली. परदेशातून निधी आला होता. आमची रिकामी पदं भरायला नव्हे, तर विकसनशील देशांत पीकपैदासकार कसे घडवावेत हे त्या देशांना शिकवायला. कार्यक्रमाचं नाव होतं 'अन्नसुरक्षेसाठी पीकपैदास क्षमता बांधणी'. विकसनशील देश म्हणजे नेमके कोणते, असं मी विचारलं. साहेबांनी खिडकीकडे हात केला. बाहेर नव्या उड्डाणपुलाचा अर्धा खांब उभा होता.

"म्हणजे ते," साहेब म्हणाले. "आपण आता तसे राहिलो नाही."

या बांधणीसाठी माझ्या वाट्याला इथिओपियाची एक तरुण बाई आली. तिथल्या सरकारी केंद्रात ती नोकरीला होती आणि दोन वर्षांसाठी शिकायला आली होती. आमच्या वसतिगृहाचं नूतनीकरण चालू होतं, आणि अजूनही चालू असावं. म्हणून ती माझ्या घरी राहायला आली. आमच्याच घरी भरलेल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, की पाहुणी किती दिवस आहे. दोन वर्षं, मी म्हणाले. मग ती पाहुणी कशी, असं सेक्रेटरींनी विचारलं. माझ्या यजमानांनी नुकतीच बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि ते दिवसभर टीव्हीवर शेअरचे भाव बघत बसत. तिथूनच ते म्हणाले, "अहो, ती तुमच्या घरी कुठे पाहुणी आहे, मग तुम्ही का त्रास करून घेता?"

तीही लवकरच पुण्याला सरावली. जिन्यात भेटणारा प्रत्येकजण तिला कॉम्प्युटर शिकायला आलात का असं विचारायचा. ज्वारी म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी कीव उमटायची, ती बघून ती मुद्दाम मोठ्याने 'ज्वारी' म्हणायला लागली. तिने सगळ्यात आधी उचललेला मराठी शब्द म्हणजे 'बघू'. जीपसाठी डिझेल मिळेल का, बघू. फवारणीचा पंप दुरुस्त होईल का, बघू. महिनाभर ऑफिसात वावरल्यावर तिने मला इंग्रजीत विचारलं, की तुमच्या भाषेत 'नाही'ला दुसरा शब्द आहे का, की हाच एक.

स्वयंपाकघरात आमचं छान जमलं. ती ज्वारीचं पीठ दोन दिवस आंबवून त्याची जाळीदार मोठी पोळी करायची, तिला ती इंजेरा म्हणायची. यजमान ती आंबोळी समजून खात आणि सोबत लोणचं मागत. असंच एकदा पीठ कालवताना मी तिला सहज सांगितलं, की थंडीत आम्ही हुरड्याला जाऊ. कणसं कोवळी असतानाच शेणींच्या आगटीत भाजायची, हातावर चोळायची आणि गूळ, चटणी, दह्याबरोबर खायची. लोक गाड्या करून शहरातून येतात.

तिचा हात थांबला. "म्हणजे इथे वर्ष वाईट आहे?" तिने विचारलं.

मला कळेना. मग ती सांगू लागली. तिचं गाव सखल भागातलं. तिथे पाऊस उशिरा येतो आणि मध्येच निघून जातो. त्यांची ज्वारी उंच, देखणी, पण पिकायला फार वेळ घेणारी. ज्या वर्षी पाऊस लवकर निघून जातो त्या वर्षी दाणा भरतच नाही, आणि घरातलं धान्य तर आधीच संपलेलं असतं. मग लोक वाट बघत नाहीत. कच्चीच कणसं कापून आणतात आणि उकडून खातात. तिच्या लहानपणी असं दोनदा झालं होतं. आईने कच्ची कणसं कापायला विळा उचलला, की घरात कोणी बोलायचं नाही. तिला फक्त पंधरा-वीस दिवस आधी पिकणारी ज्वारी हवी होती. एवढ्यासाठी ती समुद्र ओलांडून आली होती. बाकी क्षमता वगैरे आमची आम्ही बांधली तरी तिची हरकत नव्हती.

आता थोडं आमच्या कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. पहिल्या थंडीत तिने आपल्या गावच्या ज्वारीचा आणि आमच्या रब्बी ज्वारीचा संकर केला. भल्या सकाळी, फूल उमलायच्या आत, चिमट्याने एकेका फुलातले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या जातीचे पराग आणून त्यावर झटकायचे. मान मोडते आणि डोळे फुटायची वेळ येते. उन्हाळ्यात त्या संकराचं बी पेरलं, तर सगळी झाडं सारखी, सख्ख्या भावंडांसारखी आली. त्यांचं बी दुसऱ्या थंडीत पेरलं, तेव्हा मात्र नातवंडं निघाली. एकाचं नाक आजोबांचं, दुसऱ्याचा स्वभाव पणजीचा. कुणी उंच, कुणी बुटकं, कुणी आधी फुललेलं, कुणी अजून पोटरीत, कणीस बाहेरही न आलेलं. पैदासकाराची खरी परीक्षा इथेच होते. यातली कुठली ठेवायची आणि कुठली सोडून द्यायची?

ठेवायची ठरलेल्या कणसांवर खाकी कागदी पिशवी चढवतात. वाऱ्याबरोबर शेजारच्या कणसाचे पराग येऊन वंश बिघडू नये, म्हणून. पिशवीवर पेन्सिलीने झाडाचा क्रमांक लिहायचा. दाणा भरायला लागला की पाखरांपासूनही तीच राखण करते. त्या वर्षी पाखरं फार होती. उघड्या कणसांचा पार भुगा झाला होता आणि शेतात धड म्हणावी अशी शंभरेक कणसं उरली होती, तीही सगळी पिशवीतली.

त्यातली अर्धी तिने निवडलेली आणि अर्धी मी. यावरून आमचं दोन आठवडे वाजलं होतं. मी भरदार, मोठी कणसं निवडत होते. ती आधी फुललेली, लहानखुरी, मुठीएवढी कणसं निवडत होती. मी तिला म्हणाले, की नव्या जाती मंजूर करणाऱ्या समितीपुढे हे ठेवलंस तर लोक हसतील, समितीला दाण्याचं वजन दिसतं. ती म्हणाली, की समिती तिच्या गावात राहत नाही. मी तिची मार्गदर्शक होते, त्यामुळे अर्थातच शेवटचा शब्द माझा होता. मी म्हणाले, दोन्ही ठेवू, कापणीच्या वेळी वजनं करू आणि तेव्हा तुझी तूच फेकून देशील.

कापणीला अजून वेळ होता. पण त्याआधी परदेशातून निधीवाल्यांचं शिष्टमंडळ यायचं ठरलं.

साहेबांना अशा वेळी कल्पना सुचतात. सकाळी शहरात समारंभ, त्यात माझं भाषण, पडद्यावर चित्रं, प्रशिक्षणार्थींना प्रमाणपत्रं. दुपारी बस करून शेतावर जायचं आणि पाहुण्यांना अस्सल महाराष्ट्रीय हुरडा खिलवायचा. कॉम्प्युटर देणगी देणारे एक उद्योजकही येणार होते, त्यांना हुरडा फार प्रिय होता. हुरड्याची सगळी व्यवस्था कंत्राटदाराकडे सोपवली. तो मूळचा तिथल्याच गावचा. वडिलोपार्जित जमीन बिल्डरला देऊन त्याने दोन गाड्या घेतल्या होत्या आणि उरलेल्या तुकड्यावर शनिवार-रविवार कंपन्यांमधल्या मुलांच्या हुरडा पार्ट्या करायचा. आमच्या केंद्राला मजूर पुरवणं हा त्याचा जोडधंदा. एकूण वाघोलीत ज्वारीवर उत्तम चाललेला माणूस तो एकटाच.

समारंभ छान झाला. निवड हा पीकपैदाशीचा आत्मा आहे, असं मी माईकवर सांगितलं, आणि पडद्यावर खाकी पिशव्यांची रांग दाखवली. ते चित्र तिनेच काढलं होतं. शिष्टमंडळाने टाळ्या वाजवल्या. प्रमाणपत्रं मात्र ऑफिसातच राहिली होती, म्हणून ती शेतावर देऊ असं ठरलं.

दुपारी बस शेताच्या बांधाशी थांबली. मंडप, खुर्च्या, सनईची कॅसेट, सगळं जय्यत होतं. आगटीतून धूर निघत होता आणि भाजल्या दाण्याचा तो वास येत होता. मला खरंच बरं वाटलं. मी पाहुण्यांना आगटी कशी पेटवतात ते सांगायला पुढे झाले. तेवढ्यात ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने खाली बोट दाखवलं. राखेच्या कडेला खाकी कागदाचा एक तुकडा अर्धवट जळला होता. त्याच्यावर पेन्सिलीने क्रमांक लिहिला होता, माझ्याच अक्षरात.

मी शेताकडे वळून पाहिलं. पाखरांनी खाल्लेली उघडी कणसं उभी होती. खाकी काहीच दिसत नव्हतं.

कंत्राटदाराला मी बाजूला घेतलं. माझा आवाज किती चढला होता ते मला माहीत नाही. तो अजिबात गडबडला नाही. उलट आपलं काही चुकलं असेल अशी त्याला शंकाही नव्हती.

"मॅडम, उघड्यावर काय बी ऱ्हायलं नव्हतं, समदं पाखरांनी खाल्लेलं," तो म्हणाला. "म्हटलं, मॅडमनी साहेबांच्या पाव्हण्यांसाठी चांगला माल झाकून राखलेला हाय. आमच्या घरी बी तसंच करत्यात. पाव्हणा आला की मगच झाकण काढायचं."

दोन वर्षं त्या पिशव्यांवर आम्ही सगळं लिहिलं होतं. त्या कशासाठी आहेत, एवढंच लिहिलं नव्हतं. जुने मजूर असते तर लिहायची गरज पडली नसती. आणि त्याचं म्हणणं तरी कुठे खोटं होतं? माझी आईसुद्धा शिकरण झाकूनच ठेवायची, आणि आम्ही त्या झाकणाकडे बघत पाहुण्यांची वाट पाहायचो.

साहेबांना मी हळूच सांगितलं. त्यांनी आधी शिष्टमंडळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आत्ता गप्प राहा," ते म्हणाले. "बियाणं काय, पुढच्या वर्षी पुन्हा करता येईल." पुढच्या वर्षी ती इथे नसेल, मी म्हणाले. "मग दुसरं कोणी येईल की," ते म्हणाले, आणि त्यांनी हुरड्याने भरलेला द्रोण माझ्या हातात ठेवला. समोर सगळे पाहुणे बघत होते. मी खाल्ला. खोटं कशाला बोलू, हुरडा गोड होता. दाणा टपोरा, मऊ, दूध भरलेला. माझी निवड अचूक होती, हे मला त्या दिवशी पुराव्यानिशी कळलं. उद्योजकांनी तर तीनदा मागून घेतला आणि असा हुरडा जन्मात खाल्ला नाही, असं जाहीर केलं. तेही खरंच होतं. तो कोणीच खाल्ला नव्हता. जगात तो पहिला आणि शेवटचाच होता.

शिष्टमंडळाच्या प्रमुखांनी तिला अगत्याने विचारलं, की तिला हा पदार्थ कसा वाटला. तिच्या हातातला द्रोण तसाच होता.

"आमच्याकडेही कच्चं कणीस खातात," ती म्हणाली. "फक्त तेव्हा भाषणं नसतात."

प्रमुख हसले. त्यांना तो विनोद वाटला. मला मात्र तिच्याकडे बघवेना. विळा उचलणारी तिची आई मी कधी पाहिली नव्हती, पण त्या क्षणी ती माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. साहेबांचं भाषण सुरू झालं तेव्हा ती मंडपात नव्हती.

ती मला मंडपामागे सापडली. कंत्राटदाराच्या टेंपोशेजारी कणसांचा एक लहानसा ढीग पडला होता आणि ती त्याच्यापुढे जमिनीवर बसली होती. एकेक कणीस उचलून, झटकून, ते आपल्या पांढऱ्या शालीत ठेवत होती. मी बघितलं, तर लहानखुरी, मुठीएवढी कणसं. तिची.

आमच्यामागे कंत्राटदार येऊन उभा राहिला. ही कुठून आली, मी विचारलं.

"ती फेकल्याली हायेत," तो म्हणाला. "नखानं दाबून बघितली, कडक झाल्यात. हुरड्याच्या काय कामाची नाहीत. म्हशीला टाकणार होतो."

माझी सगळी भरदार कणसं अजून कोवळी होती म्हणून पाहुण्यांच्या पोटात गेली. तिची पंधरा-वीस दिवस आधी पिकली होती, म्हणून पाहुण्यांच्या लायकीची राहिली नव्हती. ज्या निवडीसाठी आम्ही दोन आठवडे भांडलो, ती कंत्राटदाराच्या माणसांनी नखाने सकाळभरात उरकली होती, आणि ती बिनचूक होती. मी ते तिला इंग्रजीत सांगितलं. तिने कंत्राटदाराकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता ही रागावणार. ती दोन्ही हात जोडून त्याला नीट मराठीत म्हणाली, "आभारी आहे." तो संकोचला. म्हशीचं काय ते बघतो म्हणाला आणि गेला.

तेवढ्यात मंडपातून माईकवर तिचं नाव पुकारलं गेलं. शालीचं गाठोडं काखेला मारून, हात मातीने भरलेले, अशीच ती गेली आणि पीकपैदाशीतली क्षमता यशस्वीपणे बांधून झाल्याचं प्रमाणपत्र घेऊन आली. ते अर्थातच आधीच छापलेलं होतं.

पुढे कितीतरी दिवस आमच्या गॅलरीत वर्तमानपत्रांवर ती कणसं वाळत होती. चिमण्यांपासून राखायला यजमान शेअर बाजार सोडून तिथे खुर्ची टाकून बसत. मला मात्र त्या बियाण्याची फारशी आशा नव्हती. पिशव्या जळाल्यामुळे क्रमांक गेले होते, कुठलं कणीस कुठल्या झाडाचं हे सांगायला काही उरलं नव्हतं. मी तिला स्पष्टच सांगितलं, की ज्याचं कुळ माहीत नाही ते बियाणं शास्त्रात चालत नाही. हे म्हणता म्हणता मला वडिलांची आठवण झाली. हेच वाक्य ते जन्मभर निराळ्या लोकांकडून ऐकत आले होते. मी तिथेच थांबले. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती दाणे पाखडत म्हणाली, की लवकर पिकतं एवढं माहीत आहे, बाकीची ओळख ती घरी जाऊन करून घेईल.

ती गेली. विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा यजमानांनी तिला लोणच्याची बरणी दिली, आंबोळीबरोबर खायला. सोसायटीतल्या सेक्रेटरींनी, पाहुणी गेली का, म्हणून चौकशी केली. अधूनमधून तिच्या ईमेल येत. एका वर्षी पाऊस बरा, एका वर्षी वाईट, नोकरीत बढती. बियाण्याचं ती काही लिहीत नसे. मीही विचारत नसे. वाया गेलं असेल, आणि मला वाईट वाटू नये म्हणून सांगत नसेल, अशी मी समजूत करून घेतली होती.

मग आमच्याकडे ज्वारी विभाग दुसऱ्या विभागात विलीन झाला, म्हणजे त्याची खुर्चीही भिंतीला लागली. मी निवृत्त झाले. प्रयोगाच्या शेताचा काही भाग रस्त्यात गेला आणि उरलेल्यावर टॉवर उभे राहिले. त्यातल्याच एका टॉवरमध्ये सहाव्या मजल्यावर आम्ही राहतो. कर्वेनगरची जागा विकल्यावर वाघोलीत दोन खोल्या जास्त आल्या, असा यजमानांचा हिशेब. मला वेगळाच आनंद आहे. एवढी वर्षं मी शेतावर फिरतीवर यायचे, आता वस्तीला आहे. दर जानेवारीत सोसायटीच्या लॉनवर तिकीट लावून हुरडा महोत्सव होतो. कणसं सोलापूरकडून ट्रकने येतात, कारण इथे आता ज्वारी पाहायची तर किराणा दुकानात जावं लागतं. सगळी व्यवस्था अजूनही त्याच कंत्राटदाराकडे आहे. केस पांढरे झालेत, पण मला बघितलं की हाक मारतो, "मॅडम, तुमच्यासाठी कवळी राखून ठिवल्यात." माझ्या आयुष्यभराच्या कामाची जाहीर आठवण ठेवणारा तोच एक आहे.

मागच्या थंडीत एक तरुण मुलगी हिंजवडीहून रिक्षा, बस आणि पुन्हा रिक्षा असं करत अर्ध्या दिवसाचा प्रवास करून घरी आली. इथिओपियाची. एका कंपनीत शेतीच्या माहितीचं सॉफ्टवेअर शिकायला आली होती. पुण्यात आता त्यासाठीच येतात. माझ्या पाहुणीची ती विद्यार्थिनी होती. बाईंनी मला भेटल्याशिवाय परत येऊ नकोस असं बजावलं होतं आणि माझ्यासाठी कापडी पुरचुंडी दिली होती.

मी ती सोडली. मूठभर ज्वारी होती. दाणा लहान, कडक, मोत्यासारखा पांढरा. मी सवयीने एक दाणा नखाने दाबून पाहिला.

ती मुलगी म्हणाली, की त्यांच्या सखल भागात आता हीच पेरतात. पाऊस निघून जायच्या आत घरात येते. तिने त्या ज्वारीचं नाव सांगितलं, त्यांच्या भाषेतलं. मी अर्थ विचारला. तिला इंग्रजीत पटकन सांगता येईना, म्हणून ती थोडा वेळ शब्द शोधत राहिली. "जी पाहुण्यांनी सोडून दिली, ती," ती म्हणाली. "असं नाव का ठेवलं ते बाई आम्हाला सांगत नाहीत. नुसत्या हसतात."

मी हसले नाही. मी रडले. यजमानांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि तिच्यासाठी चहा टाकायला उठले.

मग तिने विचारलं, की आता इथे ज्वारीवर कोण काम करतं. कारण बाईंचा निरोप होता. त्यांच्या केंद्रात आता बाहेरच्या देशांसाठी पीकपैदाशीचं प्रशिक्षण चालतं, शेजारच्या देशांतून मुलं शिकायला येतात. त्यात एक जागा बाई दरवर्षी पुण्याच्या नावाने राखून ठेवतात. दुसऱ्या कोणाला देऊ देत नाहीत. तुमचं कोणी येईल का, असं त्यांनी विचारलंय.

खाली लॉनवर टेंपोतून मंडपाचे बांबू उतरवत होते. महोत्सव रविवारी होता. मी पुरचुंडीची गाठ पुन्हा बांधली.

"बघू," मी मराठीतच म्हणाले.

मुलीने मान खाली घातली. तो शब्द तिला तिच्या बाईंनी अर्थासकट शिकवलेला होता.